होप्पू

एकतीस वर्षं कोत्का बंदरात क्रेन चालवली मी,
वरून माणसं दिसायची शेंगदाण्याएवढी.
आज तिसऱ्या रांगेत, अवघडून,
मांडीवर दोघांचे कोट, तिची टोपी,
आणि एकच हातमोजा.
दुसरा बसमध्ये राहिला असणार.

शेजारी पिहला, सव्वाचार वर्षांची.
खुर्ची मिटते तिच्यासकट, म्हणून
मी एका हाताने खुर्ची दाबून धरलेली.

होप्पू म्हणजे आमच्या भाषेत घाई.
टीव्हीवरचा हा होप्पू जातीने पाणमांजर,
धंद्याने नावाडी,
आणि रोज उशिरा पोचणारा.
सकाळी साडेसातला लापशीच्या वाटीवरून
ती त्याला हात करते.
तो करत नाही.
तळहाताएवढा जीव काचेतला,
त्याला कुठून दिसणार आपण, मी म्हणायचो.

दिवे गेले. भोंगा झाला.
(खऱ्या बोटीचा भोंगा याहून जाड असतो, पण असो.)
आणि धुरातून आला तो,
आमच्या कपड्यांच्या कपाटाएवढा,
मिशा थरथरवत.
पिहलाने आधी माझं बोट धरलं,
मग मनगट, मग अख्खी बाही.
"आजोबा, हा किती वाढला!"

पुढची गोष्ट नाटकात नव्हती.
बोटीच्या कठड्यात शेपूट अडकलं,
टाके उसवले,
आणि ते पडलं मागे, ओल्या पोत्यासारखं.
होप्पूला पत्ताच नाही.
बगळीण आपलं वाक्य विसरून नुसती बघत राहिली,
अकॉर्डियनवाली बाई वाजवत राहिली तेच तेच.
तीनशे पोरं एका दमात ओरडली: शेपूट!

तो थांबला.
एक कान वळवला आमच्याकडे.
"काय म्हणालात?"

झालं. छप्पर तेवढं जागेवर राहिलं.
इतके दिवस काचेवर आपटून परत येणारं त्यांचं बोलणं
आज पोचलं होतं पलीकडे.
पिहला खुर्चीवर उभी.
तोंड उघडं, पण आवाज फुटेना,
इतकं सांगायचं होतं तिला.
मग मीच ओरडलो,
गोदीत ओरडायचो तसा, पोटातून:
"डावीकडे! अजून डावीकडे! हां, खाली!"

तो डावीकडे वळला. वाकला.
शेपूट काखेत मारून
त्याने बोट हाकली,
आणि कसं कोण जाणे,
वेळेवर पोचला.

मध्यंतरात वेलदोड्याचा पाव अर्धा अर्धा केला.
मोठा अर्धा तिचा.
"आजोबा, तो वाकला ना,
तेव्हा पायाशी लाल मोजा दिसला."
माझा घास तोंडातच राहिला.
काय सांगायचं, जुळवत होतो.
"त्याच्या आत माणूस आहे," ती म्हणाली.
बोटावरची साखर चाटली.
"बाहेर उणे अठरा आहे ना.
म्हणून त्याने आतून माणूस घातलाय."

परतताना बसमध्ये हातमोजा नव्हता.
तिचा उघडा हात माझ्या खिशात,
किल्ल्यांशी खेळत झोपला.

सोमवारी साडेसातला तो पुन्हा काचेत,
तळहाताएवढा, शेपूट जागच्या जागी.
तिने हात केला.
त्याने केला नाही.

"दमलाय," ती म्हणाली,
आणि टीव्हीचा आवाज कमी केला.

मी लापशी ढवळत होतो.
चमचा वाटीला लागू दिला नाही.