मिनिटाला एक लाख फेरे

भोसरीत, सेक्टर सातच्या मागच्या गल्लीत माझं शटर.
आत एक बॅलन्सिंग मशीन, एक स्टूल,
टायरमध्ये झोपणारं मांजर.
पंपाची, पंख्यांची, गिरणीची चाकं येतात थरथर घेऊन,
जाताना ती इथेच ठेवून जातात.

नीरजा ओव्हाळ आली तेव्हा तिच्या पिशवीत
ट्रकचा मेलेला टर्बो होता,
जुन्या बाजारातून किलोवर घेतलेला.
म्हणाली, काका, याचं जेट करायचंय.
चार चाकं, एक सीट, गॅसची टाकी
आणि मागे हे.
मी विचारलं, ब्रेक?
ती हसली. तिच्याबरोबरचा फिरोज तांबोळी हसला नाही.
त्याने वहीत लिहून घेतलं: ब्रेक.

रोटर तळहातावर घेतला. पेरूएवढा.
याने मिनिटाला एक लाख फेरे मारायचे.
एका बाजूला तीळभर धातू जास्त असला
तर त्या वेगाला तिळाचा घण होतो.
तीन रात्री मी तो तीळ शोधला.
फिरवलं, खूण केली, घासलं, परत फिरवलं.
पैशांचं नंतर बघू म्हणालो होतो;
तिसऱ्या रात्री मीच विषय काढला.

मोशीच्या पुढे एक रस्ता आहे,
पूल व्हायच्या आधीच संपलेला.
डिसेंबरची पहाट. पाचोळा उडवायच्या ब्लोअरने
त्यांनी चक्र फिरवलं, गॅस सोडला.
आधी नुसता खोकला,
मग जिभेएवढी निळी ज्योत,
मग ते पेटलं.
पोरांनी कान झाकले. माळावरच्या टिटव्या उठल्या.

एक सांगायचं राहिलं.
प्रेस शॉपमध्ये एकवीस वर्षं काढली मी.
वरचे सूर कानांनी केव्हाच सोडून दिलेत:
डासाची गुणगुण, थर्मामीटरची पिपाणी.
त्यामुळे इंजिनाची शीळ चढत गेली, चढत गेली
आणि एका जागी माझ्यापुरती संपली.
उरला फक्त जाळाचा घोंघाट.
स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरून
टोक केसिंगला टेकवलं.
दातांना काही कळलं नाही. म्हणजे बरोबर होतं.

नीरजा गेली. वेग विचाराल तर
एखाद्या बुलेटवाल्याने सहज गाठलं असतं तिला.
पण पोरं अशी नाचत होती
की मीही चप्पल काढून उभा राहिलो, का ते माहीत नाही.
ती वळून आली, माझ्यासमोर थांबली
(ब्रेक लागले)
आणि गॅस तोडला.

जाळ गेला. कानांवरचे हात टाळ्यांसाठी सुटले.
मी ओरडलो, गप्प!
इंधन तोडल्यावर रोटर किती वेळ फिरतो
त्यावरून कारागीर कळतो.
आणि वरून, फार वरून
खाली येत येत
ती शीळ माझ्या कानांच्या हद्दीत शिरली.
बारीक. सरळ. कुठेही न अडखळता.
मी मोजत होतो.
बेचाळीसला थांबली.

फिरोजने वही उघडली. काका, चांगलं की वाईट?
मी म्हणालो, ऑइल बदला.