टवका

चष्म्याच्या काचा आता पुण्याहून घासूनच येतात,
कुरिअरनं, कागदी पाकिटात, नंबर लिहून.
दुकानामागच्या खोलीतलं चाक
सहा महिने कोरडं होतं.
मग त्यावर मी पहिली सुरई धरली.

वेंगुर्ल्याच्या बाजारात भंगारवालेही ओळखतात मला.
"मास्तर, पैलूचा कायतरी इलाहा," निरोप येतो.
जातो. बोट फिरवतो.
कड बोटाला चावली तर हातानं कापलेली,
साबणासारखी सरकली तर साच्यात दाबलेली.
नखानं टिचकी मारतो, कान लावतो.
कापलेली विझायला वेळ घेते.
दाबलेली 'टक' म्हणते आणि गप्प.

फडताळात आता एकोणचाळीस नग.
बायको मोजत नाही, पुसते तेवढं.

आंजेलीनबाय लोबो उभादांड्याहून रिक्षानं आली,
मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काही.
"ह्यो शिसो," म्हणाली.
मी उचलला. खरंच शिसं होतं काचेत,
तान्ह्या पोरासारखं मनगटात उतरलं.
पोटावर तारे, खाली अननसाची साल,
गळ्याला तीन कडी,
आत पांढरं धुकं,
आणि ओठाला टवका, तांदळाच्या दाण्याएवढा.

सासऱ्यानं आणलेला, बसऱ्याच्या बोटीवरून.
तिथं तो बटलर होता.
विकत की बक्षीस की आणखी काही,
घरात कुणी विचारलं नाही.

धुक्याला औषध आहे माझ्याकडे:
मूठभर कण्या, बिनमिठाचं आगळ, कोमट पाणी,
आणि तिन्हीसांजेपर्यंत हलवत राहायचं.
तिसऱ्या दिवशी धुकं गेलं. सगळं नाही.
बुडाशी एक ढग राहिलाय,
तिथं काचच खाल्ली गेलीय.
त्यावर माझं काही चालत नाही.

टवक्यावर चालतं.
पण काच भरता येत नाही, कमीच करता येते.
दाण्याएवढा दोष घालवायचा
तर अख्खा ओठ दाणाभर खाली आणायचा.
समुद्रही हेच करतो दांड्यावर.
सोड्याच्या बाटलीचा तुकडा घेतो,
त्याची धार काढतो, नजरही काढून घेतो,
आणि पोरांना खेळायला देतो
हिरवा आंधळा खडा.
त्याला घाई नाही, मापही नाही.
मला माप आहे. पेन्सिलीनं गोल रेघ मारली,
चाक ओलं केलं, गुलाबी पूड कालवली.

तेवढ्यात ती आली, सांगितल्याच्या दोन दिवस आधी,
हातात सुक्या सुंगटांची पुडी.
रेघ बघितली. "ह्या काय?"
मी सांगितलं.
"नको हां. तो तसोच रवांदे.
पाप्पांका शेवटाक कायच दिसा नाय.
आंगठो ह्या टवक्यार ठेवन ओतीत.
थेंब भायर पडलो नाय कधी."

सेवेरीन लोबो. आठवला.
माझ्याच खुर्चीत बसला होता, टोपी मांडीवर.
तक्त्यावरचा सगळ्यात मोठा 'ळ'
त्याला म्हणे दोन बांगड्या दिसत होत्या.
तीनदा काचा बदलल्या मी,
चौथ्यांदा पैसे परत केले.
तो म्हणाला, "आसांदे, घराक वाट म्हायत हा."

चाक बंद केलं. रेघ थुंकीनं पुसली.
तिनं शिसो टॉवेलात घातला,
पैसे किती विचारलं,
मी पुडीकडे बोट दाखवलं.

रात्री दिवा न लावता फडताळ उघडलं.
एकेकाच्या ओठावरून आंगठा फिरवला,
एकोणचाळीस ओठ,
गोल, गुळगुळीत, मीच केलेले.
आंगठा कुठं थांबेना.