मूठभर

चिनलीच्या डायलिसिस केंद्रात सकाळी सहाला
बारा खुर्च्या, बारा यंत्रं,
खिडकीबाहेर अजून न उजळलेला तांबडा खडक.
रंजुमोनी हांदिके फॉर्म भरत होती.
आई. मधुमेह होता की नव्हता?
चौथ्या खुर्चीतली डेझबाह नाकाई,
दंडात दोन सुया, गुडघ्यांवर पट्ट्यापट्ट्यांची घोंगडी,
म्हणाली, कुणाची आई?

तिच्या भाषेत आई सुटी मिळत नाही.
शिमा, माझी. निमा, तुझी. बिमा, त्याची.
नुसतीच उच्चारायला गेलं
तर जीभ उंबऱ्यात अडखळते.
रंजुमोनीनं पेन टोपणात घातलं.
आमच्यातही तसंच, म्हणाली.
मा, माझी. मारा, तुझी. माक, त्याची.
आमचं शेपूट बदलतं,
तुमचं तोंड.

म्हातारी हसली, रक्तदाब चारनं चढला.
रंजुमोनीनं तोही लिहून घेतला.

नातं कसलंच नाही, हे सांगून ठेवतो.
एकीची भावंडं थेट अलास्काच्या बर्फात,
दुसरीची इथं, या ओळी वाचणाऱ्याच्या तोंडात:
आपल्या सातला ती ख़ात म्हणते, सापाला ख़ाप,
आणि चुलत बहीण असून
आपण तिला रस्त्यात ओळखत नाही.
तो खरखरता ख़, ख आणि ह यांच्या फटीतला,
डेझबाहच्या हिवाळ्यातही आहे: ख़ाइ.
रंजुमोनीच्या थंडीत: ख़ीत.
अनोळखी दोघं एकाच क्षणी खाकरावीत,
तेवढंच.

पण 'दे' म्हणायचं झालं
की खरी पंचाईत.
आपण विळ्याला दे म्हणतो, वाटीला दे,
चादरीलाही दे, आणि मोकळे होतो.
डेझबाहला आधी वस्तू बघावी लागते.
सफरचंद मागायचं क्रियापद वेगळं,
दोरीचं वेगळं, काठीचं वेगळं,
पाण्यानं भरलेल्या पेल्याचं आणखी वेगळं.
क्रियापदाला बोटं असतात, ती म्हणाली,
ती आधी चाचपतात.
आणि तुमची?

आमची बोटं नामाला, रंजुमोनी म्हणाली.
दोरीला डाल, केसाला डाल,
पानाला, कागदाला खिला,
पसरट ते सगळं खोन. पुस्तक. नाव.
नदीसुद्धा: नोइखोन.
गावसुद्धा: गांवखोन.
मग ती थांबली.
यंत्रातलं चाक फिरत राहिलं, लाल, सावकाश.
आमच्या गावाला ख़ोवनख़िरी लागून होती, म्हणाली,
दर भादव्यात चार-पाच घरं नेई.
आता गाव नाही.
खोन तेवढा नदीकडे राहिला.

डेझबाहनं यावर काहीच म्हटलं नाही.
तिच्या पाण्याला तो म्हणतात, आवाज चढवून,
आणि ते ती पिंपांतून आणते, अठरा मैलांवरून.
एकीला पाण्यानं घालवलं,
दुसरी पाण्यामागे.
हे मी म्हणतोय. त्या दोघी
तेव्हा पट्टी चिकटवण्यात गुंतल्या होत्या.

पुढच्या गुरुवारी म्हातारीनं
झोळीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही काढलं.
ना निश्जोल, म्हणाली.
तुला देतेय.
आणि रंजुमोनीला, सहा महिन्यांत
जेमतेम चाळीस शब्द शिकलेल्या रंजुमोनीला,
पुडी न सोडताच कळलं आत काय आहे ते.
गोल नाही, कडक नाही, चपटं नाही,
मोकळं, फुललेलं, धरलं तर दबणारं:
न कातलेली लोकर.
क्रियापदानंच चुगली केली.

घरी टेबलावर तिनं ती पसरली.
मेंढीचा वास, एक काटा, थोडी वाळू.
हिला काय लावायचं?
टो? खोन? डाल तर नाहीच.
ओठांवर तीन-चार शेपटं लावून बघितली,
एकही बसेना.
मग हाताचीच मूठ मिटली
आणि एमुठी, ती म्हणाली,
एक मूठ,
कुणीही ऐकत नसताना,
आणि काटा बाजूला काढून ठेवला.