लाइट ड्यूटी

खेकड्यांची पेटी मनगटावर पडली
तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तेस्फालेमला चिठ्ठी दिली:
सहा आठवडे लाइट ड्यूटी.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला,
पिंचर्स आर्मच्या त्या मासळी कारखान्यात
कुणी यायच्या आत
त्यानं एकूण एक बटण दाबलं.
शीतघर, वजनकाटे, गमबूट ठेवायची खोली,
धक्क्यावरचे सहा पिवळे दिवे,
दोन हिवाळे बंद असलेली दारावरची पाटीसुद्धा.
मग डाव्या हातात फडकं घेऊन
पोचतील तेवढे बल्ब पुसत राहिला.

आपल्याकडे म्हणतात ना, काय दिवे लावलेस.
त्यानं लावले.

हसून हसून एल्फ्रीडा पार्डीला
ओल्या फरशीवर बसावं लागलं.
संध्याकाळी तीच त्याला घेऊन गेली
ग्रंथालयाच्या तळघरात,
व्हर्ना गिलिंगहॅमच्या वर्गाला.

व्हर्ना सत्तरीची. दीपगृहात वाढलेली.
फळ्यावर तो एकच शब्द लिहिला, खडू ठेवून दिला.
"हा आमच्या घरचा," म्हणाली.

मी हे मराठीत लिहितेय, आणि इथेच माझी पंचाईत.
आपल्याकडे उजेड आणि हलकं
एकमेकांना ओळखत नाहीत.
उजेड पडतो, पण कुणाला लागत नाही.
हलके असतात ते कान,
हलकी म्हणून हिणवली जातात ती माणसं.
तिकडे न्यूफाउंडलंडात दोघं
एकाच खुंटीला कोट टांगतात.

आणि दोघंच कुठे?
शेगडी पेटव, तर हाच शब्द.
सुरय पक्षी खडकावर टेकला,
तर जुनी माणसं हाच म्हणायची.
फिकट निळ्यातलं फिकट. रात्रीचं थोडकं जेवण.
धक्क्यावर ओठांत सिगरेट धरून कुणी हा शब्द मागितला
तर आभाळाकडे बघायचं नाही, काडी द्यायची.
तेस्फालेमनं वहीत लिहून घेतलं: काडी.

मग ती बापाविषयी बोलली. कुणी विचारलं नव्हतं.
त्याच्या झोपेलाही हाच शब्द.
वादळात घोरायचा,
पण वरचं भिंग फिरायचं थांबलं
की त्या शांततेनं ताडकन उठून बसायचा.
पुढे सरकारनं यंत्र बसवलं, माणूस काढला.
यंत्र थांबेचना.
बाप मात्र रात्रभर टक्क जागा,
न थांबणाऱ्याची वाट पाहत.

त्याची पेटी सहा जणांनी उचलली.
चर्चच्या पायरीवर आयझॅक बर्सी दचकला
आणि तोंडातून एकच शब्द निघाला त्याच्या.
"अजून मला कळलेलं नाही," व्हर्ना म्हणाली,
"तो वजनाबद्दल बोलला की बाबांबद्दल."

हीटर घुरघुरत राहिला.
एल्फ्रीडानं नाक शिंकरलं, अगदी मोठ्यानं.

"तुझ्या भाषेत काय म्हणतात?"

तेस्फालेम बँडेजचं टोक
गुंडाळत राहिला, सोडत राहिला.
दोन आहेत, म्हणाला. वेगवेगळे.
एक ओझ्याचा. तो इथे रोज लागतो,
मनातल्या मनात,
पेटी उचलायच्या आधी.
दुसरा आईच्या नावात आहे.
लेतेब्रहान.

सहा वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं मी हे.
फोनवर आईला नावानं
कुठे हाक मारतो आपण.

व्हर्नानं तो तिच्याकडून म्हणून पाहिला,
चुकला, पुन्हा म्हटला.
फळ्यावर लिहायला गेली
तर अक्षरं कुठली वापरावीत कळेना.
खडू त्याच्या हातात दिला.
डाव्या हातानं त्यानं लिहिलं, वाकडंतिकडं,
इंग्रजी शब्दाच्या शेजारी, जरा अंतर ठेवून.

निघताना दिव्याचं बटण त्याच्याच बाजूला होतं.
हात नेला, आणि थबकला.
"राहू दे," व्हर्ना म्हणाली,
"बिल ग्रंथालय भरतं."