एक वीट वर

नकाशात ती 'भूमिगत टाकी' होती.
निपानियाच्या मागच्या नव्या वस्तीत फाटक उघडलं
तर टाकीला निळ्या फरश्या,
उतरायला स्टीलची शिडी,
आणि पाण्यावर प्लास्टिकचं पिवळं बदक.

"टाकीच आहे, मॅडम," झांझरीसाहेब म्हणाले,
"फक्त झाकण लावायचं राहिलंय."
मी हसले नाही.
सव्वीस वर्षं निगमात काढली की
हसूसुद्धा फाइलीला लावून ठेवता येतं.

ओंकारने फीत धरली. लांबी, रुंदी.
खोलीसाठी काठी सोडली,
ती जवळजवळ मुठीपर्यंत ओली होऊन वर आली.
शेजारच्या भिंतीपासून अंतर पुरेसं.
पंपाला अर्थिंग आहे.
गरम पाण्याच्या टबाला झाकण आहे, कुलूपही आहे,
आज मात्र उघडा,
कारण साहेबांच्या सासूबाई आत गुडघे शेकत होत्या.
वाफेतून नुसती मान वर काढून म्हणाल्या,
"कुण है, बई?"
मी म्हटलं, निगम.
"अच्छा," म्हणाल्या, आणि मान परत खाली.

पाणी कुठलं?
"टँकरचं. पावत्या आहेत ना."
होत्या. अकरा.
तारखा वेगळ्या, अक्षर एक,
शाईसुद्धा एकाच दुपारची.

रामबागेत आमच्याकडे नर्मदा दिवसाआड येते.
पहाटे पावणेपाचला नळ आधी खोकतो,
मग थुंकतो, मग ती येते,
इतका घाट चढून आल्यावर लागायचाच दम.
दोन ड्रम, सहा कळशा, की गेली.
इथे तीच होती की दुसरी कोणी, कोण जाणे,
पाय पसरून पडली होती,
अंगावर बदक घेऊन.
मी हात बुडवून पाहिला.
चव घेऊन पाहायचा नियम नाही.
हात ओढणीला पुसला आणि लिहिलं:
'पावत्या संलग्न.'

उरलं कुंपण.
चार फूट. बरोबर.
फाटक सोडलं की आपसूक मिटतं,
दोनदा सोडून पाहिलं.
कडी आतल्या बाजूला,
'लहान मुलाचा हात पोहोचणार नाही अशी.'
किती लहान, ते छापलेलं नाही.
"आकडा काय टाकू?" ओंकारने विचारलं.

चौकीदाराची सुमली तेव्हा
जाळीला नाक लावून बदक बघत होती.
सहा वर्षांची असेल, नाही तर सात.
म्हटलं, इकडे ये गं. हे उघडतंय का बघ.
तिने आधी बापाकडे पाहिलं.
भुवानसिंगच्या हातातला पाइप
एकाच गुलाबावर पडत राहिला.
"ती इकडे येतच नाही," साहेब म्हणाले,
"सक्त ताकीद आहे तिला."

सुमलीने टाचा उचलल्या.
बोटं वरच्या कांबीपर्यंत गेली,
कडी पलीकडे, आणखी वीतभर खाली.
ओंकार आकडा लिहायला लागला.

मग कुणी काही न सांगता
ती तिसऱ्या कुंडीमागे गेली
आणि एक वीट घेऊन आली.
पहिल्या दोन कुंड्यांमागे तिने पाहिलंसुद्धा नाही.

वीट ठेवली. चढली. कोपर कांबीवरून पलीकडे.
खट्.
आत गेली, आणि फाटक तिच्यामागे
नियमाप्रमाणे आपसूक मिटलं.
पाण्यापासून एक पाऊल अलीकडे थांबून
तिने माझ्याकडे वळून पाहिलं:
बरोबर आलं ना?

गुलाबाच्या वाफ्यातून पाणी
आमच्या चपलांपर्यंत आलं होतं.

शेऱ्यात मी लिहिलं: 'कुंपण एक वीट वर घ्यावे.'
वरून फाइल परत आली,
लाल शाईत, 'एक वीट म्हणजे किती मिलिमीटर?'

ती वीट मी गाडीत टाकून आणली होती.
जप्तीचा पंचनामा करायचा का, ओंकारने विचारलं,
चेष्टेतच, पण आवाज जरा खाली ठेवून.
आता ती माझ्या टेबलावर असते,
पंख्याने कागद उडू नयेत म्हणून.
नवा नकाशा आला की आधी ती उचलावी लागते.

आणि तिकडे सुमली वाढतेच आहे,
शेजारी तीन घरं अर्धवट उभी आहेत,
विटांना काय तोटा.