आठ रात्री, नऊ दिवस

पणजीच्या एजंटाने, आगुस्तीनने,
टेबलावर पत्रक उलगडलं
आणि बर्फातल्या बांगड्यांसारखे चकचकीत रंग
माझ्यापुढे सांडले:
लाल कमान, दगडी दिवे, शेवाळाची बाग,
डोंगराच्या कुशीत वाफाळतं कुंड.
"किमोनो घालून फोटो फुकट," तो म्हणाला.
मी बोट ठेवलं
कोपऱ्यातल्या एका काळ्या लोखंडी किटलीवर.

आमच्या आमोण्यात जपान
मी चड्डीत होतो तेव्हापासून येऊन गेलेला.
दिसायचा नाही. फक्त न्यायचा.
डोंगर ट्रकात, ट्रक धक्क्यावर,
धक्क्यावरून बार्जीत, मांडवीतून मुरगांवला,
आणि पुढचं सगळं
आबांच्या समुद्राकडे रोखलेल्या बोटात.
"माती जपानाक गेली," म्हणायचे
पेजेचा वाडगा तोंडाला लावता लावता.
कानाच्या पाळीत, नखांत, वाडग्याच्या काठावर
तांबडी धूळ.
मला वाटायचं, जपान म्हणजे
कुणाचं तरी न भरणारं पोट.

दुलबा मळीक, बार्जीवरचा तांडेल.
एकदा मोठ्या बोटीवरच्या कुणा जपान्याने
त्यांना दिला निळ्या लाटांचा पंचा.
ह्यांनी दिली भाजलेल्या काजूची पुडी.
तो वाकला, हे वाकले,
तो पुन्हा वाकला, हे पुन्हा,
आधी कोण थांबणार ते ठरेना
तोवर बार्जीचा दोर सुटायला आलेला.
ही गोष्ट आबा आयुष्यभर सांगत राहिले
आणि दर वेळी वाकून दाखवत.

मग खाण बंद पडली.
डोंगर होता तिथे आता हिरवं पाणी, खोल.
पंचा विरून विरून चहाचं गाळणं झाला.

साखळीच्या टपाल कचेरीतून निवृत्त झालेला मी
रात्री सोप्यावर बसून घोकतो:
सुमिमासेन. सुमिमासेन.
माफ करा, अहो ऐकता का, आभारी आहे,
तिन्ही एकाच शब्दात.
आमच्या वाड्यावर एवढ्याला
तीन भांडणं लागली असती.

शशिकलेची चिंता निराळी.
"तिथं म्हणे सगळी उघडीच न्हातात?"
"बायका वेगळ्या, पुरुष वेगळे."
"तरी पण!"
नंतर पाहिलं तर एका हातात गुडघ्याचं तेल
आणि दुसऱ्या हाताचं बोट
पत्रकातल्या त्या कुंडावर हळूहळू फिरतंय.

उंच मनोरे राहू देत.
मला बघायची आहे
देवळाच्या दारातली लाकडी पळी,
आणि हात धुऊन मगच आत शिरणारी माणसं.
पाहुण्यांच्या चपला दाराकडे तोंड करून
वळवून ठेवणारी कुणी म्हातारी.
सकाळी सकाळी भात आणि खारा मासा
(हे आमोणेकरांना कुणी शिकवायला नको).
एक रिकामी खोली,
जिच्यात एकच फूल आहे
आणि कुणालाच काही कमी वाटत नाही.
गाडीला मिनिटभर उशीर झाला
म्हणून माफी मागणारा गार्ड.
हे सारमानसच्या फेरीवाल्याला सांगितलं.
तो इतका हसला
की फेरी दहा मिनिटं उशिरा सुटली.

"किटल्यांचं गाव सहलीत नाही," आगुस्तीन म्हणाला,
"उत्तरेला आहे, लांब. एक दिवस वाढेल. पैसेही."
वाढव म्हटलं.
त्या दुकानात जाऊन मी काही विचारणार नाही.
लोखंड कुठलं, कोण सांगणार?
वितळलेल्याला गाव नसतं.
नुसती उचलून बघेन,
दोन्ही हातांनी,
घरात पाहुणा आलेलं मूल उचलतात तशी.
मग विकणारा वाकेल.
मग मी.

बॅगेत जागा ठेवली आहे.
शशिकला काट्यावर बॅग तोलते,
आकडा बघते, माझ्याकडे बघते:
"एवढं लोखंड परतच आणायचं होतं
तर पाठवलं कशाला?"