बिनडोक्याचा

याला खिडकी नाही, चौकट नाही,
माणसानं बघावं असं काहीच नाही.
इंग्रजीत मुंडकं नसलेला ब्राउझर म्हणतात.
पेडणेकर म्हणाला, म्हणजे आपला खवीस.
रात्री ऑफिसात दोघंच असताना असं बोलू नये,
पण हसलो.

माझगावच्या पतपेढीचं सोमवारी विलीनीकरण.
नऊ हजार चारशे सभासद,
प्रत्येकाचं खातं, प्रत्येक खात्याची पीडीएफ,
ए-फोर, उभी, चारी बाजूंनी पंधरा मिलिमीटर समास.
मी त्याला लिहून दिलं: जा, पान उघड,
सगळं येऊन शांत होईपर्यंत थांब,
मग छाप.
तो गेला.
कुणी बघत नसताना रंग भरतो,
रेघा आखतो, मिटतो.
दोन सेकंदाला एक माणूस.
गोदीत कुठलंसं जहाज भोंगा देतं.

अकराला पेडणेकरनं एक फाइल उघडली.
नावाच्या जागी चौकोन.
सात चौकोन, मोकळी जागा, आठ चौकोन.
नाव गेलं, नावे टाकलेली रक्कम मात्र बरोबर,
पैसा न पैसा.
सर्व्हरवर मराठी अक्षर कुणी ठेवलंच नव्हतं.
त्याचा काय दोष,
शिदोरीत दिलं तेवढंच तो वाढणार.
साडेतीन हजार माणसं पुसून टाकली.

फाँट चढवला. पुन्हा सोडला.
आता नावं आली. रंगारी, खलाशी, वेल्डर,
चौकोनांतून एकेक माणूस.
सात चौकोन तो हरेश्वर निघाला,
आठ ते बिऱ्हाडे,
आणि बिऱ्हाडे मोडलं.
र चा तो पापणीएवढा वळसा
ह ला बिलगून असतो, तो सुटला.
पाय मोडका र एकीकडे, ह एकीकडे:
बिर्‌हाडे.
एवढ्याशा रेघेवर बिऱ्हाड उभं असतं
हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

दुसरा फाँट. रात्रीचा एक.
पेडणेकर टेबलावर हात, हातावर डोकं ठेवून झोपला.
त्या खोलीत चालू असलेल्यांत
डोकं फक्त माझ्याकडे, आणि तेही दुखत होतं.

सहा वाजले. मधूनमधून एखादं पान उघडून बघतो,
सगळी कशी बघणार.
क्रमांक ९२३१. मथुरा हरेश्वर बिऱ्हाडे. वारस.
नवऱ्याच्या खात्यातलं सगळं तिच्याकडे वळवलेलं:
हप्ते, दंडव्याज, कानाच्या मशीनसाठी उचल.
पान एका ओळीनं मोठं झालंय.
आख्खा दुसरा कागद कोरा,
वर एवढंच:
अखेर शिल्लक २१२.४०

नव्वद टक्क्यांवर आणलं तर एका पानात मावेल.
एक आकडा बदलायचा,
सगळं जरा बारीक होईल, बस.
बोट कळीवर होतं.
खाली डॉकयार्ड रोडला पाववाल्याची सायकल
खड्ड्यात आपटली, शिवी ऐकू आली.

राहू दे म्हटलं.
दोन कागद नेईल ती.
दुसऱ्यावर शिक्का नीट उमटेल.
आणि तो,
तो केव्हाच ९२४० वर होता.